ज्यांच्यावर चित्रपट, त्यांच्यासमोर

१९९३ च्या भूकंपावर तयार झालेला एक नवा माहितीपट लातूरमध्ये दाखवावा, असे त्याच्या निर्मात्यांनी आमच्या चित्रपट मंडळाला सुचवले, तेव्हा शहरातले एखादे चांगले सभागृह घ्यावे, असेच मंडळातील बहुतेकांचे म्हणणे होते. पहिला खेळ ज्या गावात चित्रीकरण झाले त्याच गावात व्हावा आणि खेळ संपल्यावर निर्मात्यांनी गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असा आग्रह मी धरला. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, मंगरूळ या गावांनी गेल्या तीस वर्षांत किती अभ्यासक, पत्रकार आणि कॅमेरे पाहिले असतील, याची गणती नाही. माणसे येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात, सगळे सांगायला लावतात आणि निघून जातात. त्या सांगण्याचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्यापर्यंत क्वचितच परत येते. चित्रपटानंतरचा संवाद मला हवा होता तो एवढ्यासाठीच. तो सभागृहातल्या जाणकारांनी दिग्दर्शकाचे कौतुक करण्यासाठी नको होता. ज्यांचे आयुष्य पडद्यावर दाखवले त्यांनी दाखवणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी हवा होता. दिग्दर्शिकेने हे मान्य केले. थोडी धास्ती वाटते, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे, औसा तालुक्यातले एक पुनर्वसित गाव ठरले. भूकंपात पूर्ण उद्ध्वस्त झाल्यामुळे जी ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली, त्यांपैकी ते एक आहे. आमच्या मनात ३० सप्टेंबर ही तारीख होती, कारण त्याच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला होता. गावातल्या बैठकीत मात्र ती पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाली. त्या दिवशी सकाळी स्मारकावर फुले वाहून लोक आपापल्या घरी जातात. त्या दिवशी कुणाचेच काही ऐकायची इच्छा नसते, असे एका आजींनी स्पष्ट सांगितले. शिवाय सप्टेंबरअखेर पाऊस असतो आणि लगेच सोयाबीनची काढणी सुरू होते. शेवटी तुरीची रास उरकल्यावर, जानेवारीतला शनिवार ठरला. बचत गटातील बायकांचे म्हणणे होते की, स्वयंपाक आणि धारा आटोपून यायचे तर साडेसात वाजतील. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि चित्रपट ७२ मिनिटांचा होता. साडेसातला सुरू केला असता तर संवादाला जेमतेम तास उरला असता, तोही उशीर झाला नाही तरच. बायकांनीच मग मार्ग काढला: त्या दिवशी भाकरी दुपारीच थापायच्या आणि सातला मैदानात यायचे.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नव्हते. शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पत्र, ग्रामपंचायतीची संमती आणि पोलीस ठाण्यात माईकच्या परवानगीचा अर्ज, एवढे पुरले. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार लागणारे प्रमाणपत्र निर्मात्यांकडे होते. त्याची प्रत आम्ही अर्जाला जोडली. छोट्या मंडळांना माझे सांगणे आहे की, ही प्रत आधी हातात घ्यावी आणि मगच तारीख जाहीर करावी.

प्रतीच्या बाबतीत एक निर्णय महत्त्वाचा ठरला. सिनेमागृहात चित्रपट डीसीपी या स्वरूपात येतो आणि तो चालवायला तिथला सर्व्हर लागतो. मैदानात आपल्याला लॅपटॉपवरून चालणारी साधी फाइल लागते. निर्मात्यांनी महोत्सवांसाठी केलेली फाइल पाठवली, तिच्यात खाली इंग्रजी उपशीर्षके कायमची बसवलेली होती. आपल्याच चुलत्याचा चेहरा पाहायला बसलेल्या माणसाला त्याच्या हनुवटीवरून सरकणाऱ्या परक्या अक्षरांचा काय उपयोग? उपशीर्षकांशिवायची प्रत आम्ही मागितली. संकलकाला त्यासाठी पुन्हा सगळी फाइल काढावी लागली, पण त्यांनी ती काढून दिली.

पडद्याबद्दल मंडपवाल्याने सुचवले की, एखाद्या मोठ्या फ्लेक्सची कोरी पाठ ताणून लावू. आदल्या संध्याकाळी आम्ही तसे करून पाहिले, तर फ्लेक्सच्या चकाकीमुळे मधोमध उजेडाचा एक गोळा दिसू लागला आणि बाजूला बसलेल्यांना चेहरे फिके दिसू लागले. मग जाड पांढरे कापड दुहेरी शिवून घेतले, मागे काळे कापड लावले, बांबूची चौकट करून चारही कडांना हात-हातभर अंतरावर सुतळीने आवळले आणि वाऱ्याला फुगू नये म्हणून खालची कड वाळूच्या पोत्यांत दाबली. पडदा १६ फूट रुंद झाला. आमच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणून तो २४ फुटांवर, बायकांच्या आणि पुरुषांच्या बैठकीच्या मधल्या वाटेत एका टेबलावर ठेवला. जनरेटर शाळेच्या इमारतीमागे नेला. त्याची घरघर एकदा कानावर पडू लागली की, मुलाखतीतली हलक्या आवाजातली वाक्ये हरवतात, आणि या चित्रपटात लोक बहुतेक हलक्या आवाजातच बोलतात.

खरी कसोटी ध्वनीची होती. पहाटेच्या त्या क्षणाचे कोणतेही चित्रण अस्तित्वात असणे शक्य नाही. निर्मात्यांनी तिथे पडदा पूर्ण काळा ठेवून सुमारे ४० सेकंद केवळ आवाज ऐकवला आहे. ध्वनिसंयोजकांनी तो दगडखाणीतला सुरुंग, ट्रकमधून ओतली जाणारी खडी आणि मोडणारी लाकडी तुळई या आवाजांतून बांधला आहे. दुपारी आम्ही चाचणी घेतली. मंडपवाल्याने लग्नाच्या वरातीला लावतात ते मोठे बेसचे बॉक्स आणले होते, आणि तो क्षण आला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यावरचे पत्रे थरथरले. शेजारच्या घरासमोर तूर निवडत बसलेल्या एक आजी सूप खाली टाकून उठल्या आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पत्रे थांबले तरी बराच वेळ त्या घराकडे परतल्या नाहीत.

ध्वनिसंयोजकांनी स्वतः जाऊन बेसचे बॉक्स काढायला लावले, खालच्या पट्टीतला आवाज बराच कमी केला आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांत बसून पुन्हा पुन्हा ऐकले. तरीही माझे समाधान झाले नाही. हा क्षण येणार आहे, तो केव्हा येईल आणि ज्यांना नको असेल त्यांनी तेवढा वेळ खुशाल उठून जावे, हे लोकांना आधी सांगितले पाहिजे, असे मी म्हटले. दिग्दर्शिकेचा याला विरोध होता. आधी सांगितले तर त्या अंधाराचा परिणामच राहणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि शहरातल्या प्रेक्षकांपुरते त्यांचे म्हणणे मला पटते. पण इथे बसणाऱ्यांना तो परिणाम कळण्यासाठी चित्रपटाची गरज नव्हती. बरीच चर्चा झाली. शेवटी आपण बांधलेल्या आवाजाने एक बाई घराबाहेर आली, एवढे आपल्याला पुरे आहे, असे ध्वनिसंयोजक म्हणाले आणि दिग्दर्शिकेने सूचना देण्याचे मान्य केले. गावच्या आशाताई बायकांमध्ये बसतील आणि मैदानाच्या कडेचे दोन दिवे चालू राहतील, हेही तेव्हाच ठरले.

आणखी एक गोष्ट मला हट्टाने करावी लागली, ती म्हणजे सत्कार टाळणे. आपल्याकडे पाहुणा आला की शाल, श्रीफळ, हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप आणि आभार हे सगळे ओघानेच येते, आणि त्यात तास कसा गेला ते कळत नाही. त्यामागे प्रेम असते, हे मी जाणतो. पण हार घातलेल्या माणसाला तुमचे हे चुकले असे म्हणणे गावातल्या साध्या माणसाला जड जाते. आणि मला तर तेच व्हायला हवे होते. सरपंचांनी समजून घेतले. सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत करू, असे ते म्हणाले. व्यासपीठ बांधले नाही. निर्मात्यांनी पडद्यासमोर सतरंजीवर, लोकांच्याच पातळीवर बसायचे ठरले. माईक फिरवायला दहावीच्या दोन मुली नेमल्या आणि त्यांना सांगून ठेवले की पहिला माईक बायकांकडे न्यायचा.

सातला मैदान भरले होते. म्हाताऱ्यांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या, बाकीचे सतरंज्यांवर आणि पोत्यांवर बसले होते. माहितीपट म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवली जाणारी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’, एवढीच ओळख असलेली पिढी पुढे होती, आणि भूकंपानंतर जन्मलेली, मोबाइलवर सगळे पाहणारी मुले मागे भिंतीवर चढली होती. दिग्दर्शिकेने चार वाक्यांत सूचना दिली. तो प्रसंग येण्याआधी साताठ जण शांतपणे उठून शाळेमागे गेले आणि नंतर परत येऊन बसले. त्यात दुपारच्या आजीही होत्या. चित्रपटभर लोक पडद्याशी बोलत होते. दिवंगत माणसाचा जुना फोटो आला की नाव घेतले जाई, नाते सांगितले जाई, जुन्या गावातली गल्ली ओळखून हे अमक्याचे दार, असा पुकारा होई. सभागृहात हे चालले नसते, आणि म्हणूनच पहिला खेळ इथे झाला याचे मला मोल वाटले.

दिवे लागल्यावर पाचेक मिनिटे कुणीच बोलले नाही. मी मुद्दाम बोललो नाही. आयोजकाने पहिला प्रश्न विचारला की पुढचे सगळे प्रश्न त्याच्याच वळणाने जातात. मग साठीच्या पुढच्या एका बाईंनी माईक घेतला. “आवाज तुमी बरा घेतलाव,” त्या म्हणाल्या, “पर ते काळं नव्हतं. धुरळा व्हता. कंदील लावला तरी हात दिसंना, अन् तोंडात समदी माती.” छायाचित्रणकारांनी तो अंधार का निवडला ते समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि पुन्हा तेच सांगितले. ध्वनिसंयोजक वहीत लिहीत होते. खोकल्याचा, धाप लागल्याचा आवाज आपण घेतलाच नाही, असे ते नंतर मला म्हणाले.

त्यानंतर मागच्या ओळीतले एक म्हातारे गृहस्थ उठले. चित्रपटाचा मोठा भाग जुन्या वाड्यांवर आहे: अडीच-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळयांवर मातीचे जाड माळवद, उन्हाळ्यातला गारवा, कोरीव चौकटी. तो भाग सुंदर आहे, त्यात शंका नाही. म्हाताऱ्यांचे म्हणणे असे होते की, गावाच्या कडेला त्यांच्या वस्तीत तसे घर एकाचेही नव्हते. “आमची कुडाची घरं. हालली, वाकली, पर आंगावर काय पडलं? गवत. ज्याचं घर मोठं त्याचं मानूस गेलं. आमी वाचलाव अन् रातभर दगडं उचलली. ते तुमच्या शिनेमात कुटं हाय?” मैदानात कुजबुज झाली. सगळ्यांना ठाऊक असलेली पण मोठ्याने क्वचित बोलली जाणारी ही गोष्ट होती. या भूकंपात बळी घेतले ते हादऱ्याइतकेच माळवदाच्या वजनाने आणि सुट्या गोट्यांच्या भिंतींनी; त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता, आणि १९९२ पासून जमीन अधूनमधून हादरत असूनही लोक त्याच घरांत निजत होते. चित्रपट हे कारण निवेदनात एका वाक्यात सांगतो आणि पुन्हा वाड्यांच्या आठवणींकडे वळतो. दिग्दर्शिकेने सांगितले की त्या वस्तीत दोन मुलाखती घेतल्या होत्या, पण लांबी कमी करताना त्या गेल्या. “मग लांबीत आमीच बसत न्हाई म्हना की,” म्हातारे म्हणाले, आणि खाली बसले. त्यावर दिग्दर्शिकेने बचाव केला नाही.

भिंतीवरून उतरलेल्या एका तरुणाने पुनर्वसनाच्या घरांचा प्रश्न काढला. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. त्याच्या भूमिहीन आजोबांना २५० चौरस फूट मिळाले, आणि आज त्यात तीन भावांचे संसार पत्रे वाढवून राहत आहेत. चित्रपटात नव्या गावाचे आकाशातून घेतलेले एक दृश्य आहे, सरळ रस्ते आणि एका मापाच्या घरांच्या ओळी. वरून सगळे सारखे दिसते, पण खाली तसे नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. ड्रोनचे ते दृश्य मलाही आवडले होते. त्या रात्रीनंतर ते मला पुरेसे वाटत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न शेवटी आला, आणि तो चित्रपटातीलच एका व्यक्तीने विचारला. पती आणि दोन मुले गमावलेल्या या बाई पडद्यावर जवळपास दीड मिनिट रडताना दिसतात. कॅमेरा हलत नाही, कुणी काही विचारत नाही, आणि रडणे ओसरायच्या आत दृश्य तोडले आहे. त्या माईक न घेताच बोलू लागल्या. मुलीने धावत जाऊन तो त्यांच्यासमोर धरला. “मी दोन दिवस बोलले तुमच्यासंगं. वाचलेल्या लेकीला शिकवलं, ती नर्स हाय, ते सांगितलं. दिराकडनं जमीन सोडवून घेतली, ते सांगितलं. इहीर पाडली, ते दाखवलं बी. तुमी माझं रडनं तेवढं ठेवलं.”

दिग्दर्शिकेने उत्तर द्यायला वेळ घेतला. मग त्यांनी संकलन कसे होते ते सांगितले. ६० तासांहून अधिक चित्रण होते. पहिल्या अर्ध्यात भूकंप आणि दुसऱ्यात नवे गाव, अशी रचना ठरली. बाईंची मुलाखत पहिल्या अर्ध्यात बसली. जमिनीचे आणि विहिरीचे बोलणे आले की विषय पांगतो, असे संकलनाच्या टेबलावर सगळ्यांना वाटले, म्हणून ते काढले.

“इषय मीच हाय ना पर?” बाईंनी विचारले.

मी बरीच वर्षे चित्रपट पाहतो आहे आणि त्यांवरील चर्चांना बसतो आहे. दुःख दाखवताना काय निवडावे आणि काय गाळावे यावर जाणकारांची भाषणे ऐकली आहेत, पण हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने कुणी मांडलेला मला आठवत नाही. त्या बाई चिडल्या नव्हत्या. त्यांना आपले उरलेले आयुष्य परत हवे होते, एवढेच. छायाचित्रणकारांनी तेव्हा स्वतःहून सांगितले की, रडणे सुरू झाल्यावर कॅमेरा बंद करावा असे त्यांना वाटले होते. पण चांगले दृश्य मिळते आहे हेही मनात आले आणि ते थांबले नाहीत. भर मैदानात हे बोलणे सोपे नव्हते, आणि त्या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पावणेदहाला आम्ही माईक बंद केला, तरी सतरंज्या गोळा होईपर्यंत लोक गटागटाने निर्मात्यांशी बोलत राहिले.

संवाद तिथेच संपला असता तर मी हे लिहिले नसते. दिग्दर्शिका त्या रात्री गावातच राहिल्या. सकाळी ग्रामपंचायतीतला सत्कार झाल्यावर त्या लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी गेल्या आणि त्यांच्या मुलाखतीचे सगळे न कापलेले चित्रण त्यांना आणि त्यांच्या मुलीला दाखवले. मी काही वेळ तिथे होतो. विहिरीच्या काठावर उभे राहून किती फुटांवर पाणी लागले ते सांगतानाचे स्वतःचे दृश्य बाईंनी दोनदा पाहिले. रडण्याचे दृश्य काढून टाका, असे त्या म्हणाल्या नाहीत. ते राहू द्या, पण त्यानंतर हे लावा, असे त्यांनी सांगितले. दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन गाळलेल्या मुलाखतींपैकी कोणती घ्यावी, हेही विचारून झाले. धुरळ्याचे वर्णन करणाऱ्या बाईंचा आवाज ध्वनिसंयोजकांनी त्यांच्याच ओसरीवर मुद्रित केला.

लातूरच्या सभागृहाची आगाऊ रक्कम आम्ही भरलेली होती, त्यामुळे तिथला खेळ पुढे ढकलण्यावरून मंडळात वाद झाला. काहींच्या मते आहे तो चित्रपट दाखवून नवी आवृत्ती नंतर दाखवता आली असती. बहुमताने मात्र थांबायचे ठरले आणि सभागृहानेही तारीख बदलून दिली. नवी आवृत्ती साधारण आठ मिनिटांनी वाढली आहे. ती आधी गावात दाखवायची आणि गावाने पाहिल्यावरच लातूरला न्यायची, असे निर्मात्यांनी कळवले आहे. लातूरच्या खेळानंतर निर्मात्यांबरोबर उत्तरे द्यायला त्या बाईही बसणार आहेत. खेळ दुपारचा ठेवावा, एवढी एकच अट त्यांनी घातली, कारण संध्याकाळी धारा काढायला त्यांना घरी असायला हवे. सभागृह दोन वाजताचे घेतले आहे.